लाल कडीची पिशवी

जयाताईंच्या घरी कोणीही आलं की आधी पाणी येतं. नाव, गाव, काम, हे सगळं नंतर. स्टीलचा तांब्या आणि त्यावर पालथा घातलेला पेला त्यांच्या हातात इतका बसलाय की दारात मीटर बघणारा दिसला तरी त्यांची पावलं आधी स्वयंपाकघराकडे वळतात. उमरेडला माहेरी हीच रीत होती. वडील कोळशाच्या खाणीत. पाळीवरून आले की अंगणातच उभे राहून तांब्याभर पाणी प्यायचे आणि तोवर घरातलं कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही. आनंदराव मुलगी पाहायला आले तेव्हाही जया पाणीच घेऊन बाहेर आली होती. नागपूर–उमरेड एसटीवरचा कंडक्टर, मे महिन्यातली दुपार. त्याने एका दमात तांब्या रिकामा केला आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर विचारलं, "आणखी आहे का वं?" मुलगी पसंत आहे का, हे मग कोणाला विचारावंच लागलं नाही.

काही माणसं चहाची शौकीन असतात, काही पानाची. आनंदराव पाण्याचे होते. उमरेडच्या विहिरीचं पाणी कसं, डेपोतल्या कूलरचं कसं, नागपुरात नळाला येणारं पेंच धरणाचं कसं, यावर ते जेवताना बोलायचे आणि मुलगी भावना हसायची. ड्यूटीवरून घरी आले की चप्पल काढायच्या आधी तांब्या. तो रिकामा होताना त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर व्हायची, ती जयाताई दारातच उभ्या राहून बघायच्या. नवराबायकोत लाडाचं बोलणं त्यांच्याकडे कधी नव्हतं. जे होतं ते बहुतेक एवढंच होतं.

रिटायर झाल्यावर दोन उन्हाळे बरे गेले. मग पायांवर सूज आली, जेवण नकोसं झालं आणि तपासण्यांत कळलं की जुन्या शुगरने आणि बीपीने दोन्ही किडन्या संपवत आणल्यात. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर पडून राहायचं, किंवा घरीच पोटात नळी बसवून पिशव्यांनी डायलिसिस करायचं. पुण्याहून आलेली भावना दोन्ही बाजू तोलत होती. आनंदरावांनी मात्र लगेच सांगून टाकलं की घरीच करू. आयुष्यभर दुसऱ्याच्या टाइमटेबलवर धावलो, आता माझी गाडी माझ्या टायमावर सुटेल, असं ते डॉक्टरांनाच म्हणाले.

शिकवायला हिमानी सिस्टर होत्या. वयाने भावनाएवढ्याच, पण धीराने सांगणाऱ्या. त्यांनी टेबलावर एक पिशवी ठेवली आणि समजावलं. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यात रक्ताच्या बारीक बारीक नळ्या असतात. पिशवीतलं पाणी पोटात भरलं की पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला हे स्वच्छ पाणी, असं होतं. रक्तातली घाण जिथे जास्त आहे तिथून जिथे नाही तिथे आपोआप सरकते, तिला ढकलावं लागत नाही. अंगात साठलेलं जादा पाणी मात्र ओढून काढावं लागतं. त्यासाठी पिशवीत साखर असते. साखर पडद्यातून सावकाश जाते, बराच वेळ बाहेरच थांबते आणि थांबलेली असते तोवर पाण्याला आपल्याकडे ओढत राहते. साखर जितकी जास्त, तितकी ओढ जास्त. नळीच्या तोंडाशी असलेल्या कडीच्या रंगावरून ते ओळखायचं: पिवळ्या कडीची पिशवी सौम्य, हिरव्या कडीची मधली, लाल कडीची सगळ्यात जोरदार.

जयाताई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे काकडीले मीठ लावल्यावर पाणी सुटते तसं."

सिस्टर एकदम खूश झाल्या. बरोबर तसंच, म्हणाल्या, आता मी सगळ्यांना हेच सांगत जाईन. आनंदरावांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू तिनेच औषध शोधून काढलं. त्यानंतर सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हा पडदा माणसाला एकदाच मिळतो, तो जपायचा. लाल पिशवी फार लावली तर साखरेने पडदा खराब होतो, म्हणून ती फोन करून, विचारूनच लावायची. तेही जयाताईंनी ऐकलं. पण काकडीचं कौतुक अजून कानात होतं.

नागपुरात मानेवाड्याकडच्या ले-आउटमधल्या प्लॉटवरचं त्यांचं दोन खोल्यांचं घर मग बदलून गेलं. भावनाची खोली पिशव्यांची झाली. भिंतीला लागून छतापर्यंत खोके, खिडकीच्या गजाला पिशवी टांगायचा आकडा, खाली निचऱ्याच्या पिशवीसाठी प्लास्टिकचा टब. दिवसातून चार वेळा जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. नळी उघडी असताना धूळ उडायला नको म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत तोंडाला मास्क लावून बसणं काय असतं ते सांगून कळणार नाही. जयाताईंच्या कपाळावरचा घाम पापण्यांवर यायचा आणि हात धुतलेले असल्याने पुसताही यायचा नाही. आनंदराव पलंगावरून विचारायचे, "सवाऱ्या उतरल्या का वं?"

"उतरल्या. बिनातिकिटाच्याही दोन-चार उतरल्या."

हे रोजचं बोलणं झालं होतं. पाण्याला ते सवाऱ्याच म्हणत.

अवघड होतं ते दुसरंच. दिवसभराचं पिण्याचं पाणी ठरलेलं होतं. जयाताई सकाळी एक छोटी स्टीलची बाटली भरून ठेवायच्या. चहा, औषध, तहान, सगळं त्यातच. पहिला महिना आनंदरावांनी थट्टेत काढला. मग त्यांची थट्टा कमी झाली. एका दुपारी जयाताई कपडे वाळत घालून आत आल्या तर ते माठाजवळ उभे होते. पेला हातात नव्हता. माठाच्या ओल्या अंगावर नुसता तळहात टेकवून, डोळे मिटून उभे. चाहूल लागली तेव्हा त्यांनी हात काढला आणि लुंगीला पुसला, चोरी पकडल्यासारखा. जयाताईंना त्यापेक्षा त्यांनी पाणी पिऊन टाकलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. दीक्षाभूमीच्या वाटेवर ले-आउटमधल्या लोकांचा पाण्याचा स्टॉल असायचा आणि आनंदराव दरवर्षी तिथे उभे राहायचे. लांबलांबून आलेली माणसं, कडेवर लेकरं, पायांत धूळ. या वर्षी खुर्चीवर बसूनच पेले भरीन, असं कबूल करून ते गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या हातात पाणी देणाऱ्या माणसाने स्वतः किती प्यायलं ते कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय टम्म फुगले होते आणि आडवं होताच श्वास लागत होता. जयाताईंनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी लाल कडीची पिशवी लावायला सांगितलं.

दुपारी पाणी काढलं तेव्हा निचऱ्याची पिशवी ताठ फुगून टबात बसली. संध्याकाळपर्यंत घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली आणि आनंदराव गाढ झोपले. जयाताई त्या फुगलेल्या पिशवीकडे बघत राहिल्या. इतकं पाणी, आणि इतक्या सहज. मनात एवढंच आलं की निघतंच आहे, तर मग पिऊ द्यायला काय हरकत आहे?

तिथून जादा पाणी देणं आणि न विचारता लाल लावणं सुरू झालं. आधी भावना सुट्टीवर आली तेव्हा, सगळे मिळून चहा प्यायला म्हणून. मग मेहुण्याच्या घरच्या लग्नात. मग रविवारी, कारण रविवारी आनंदरावांचे डेपोतले जुने दोस्त यायचे, आणि सगळ्यांना पेला देऊन एकट्या नवऱ्याला वगळायचं हे जयाताईंना जमतच नव्हतं. उन्हाळा लागला तसं रोजचंच झालं. पिशव्या पुरवणाऱ्या एजन्सीला त्यांनी फोनवर सांगितलं, आता लाल जास्त पाठवा, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी पाठवल्या. दवाखान्यात महिन्याच्या तपासणीला वजन जिथल्या तिथे, पायावर सूज नाही. शुगर तेवढी वाढलेली दिसायची. ती पिशवीतली साखर अंगात मुरून वाढत होती, पण आंब्यांचे दिवस होते आणि डॉक्टरांनी आंब्यांना दोष दिला. जयाताईंनी मान हलवली. आंबा त्यांच्या घरात त्या वर्षी आलाच नव्हता.

हिमानी सिस्टर दुसऱ्या पेशंटांच्या घरच्यांना सांगायच्या, जयाताईंकडून शिका. त्यातूनच नागपूरच्या महाल भागातल्या यमुताई त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसायला लागल्या. त्यांचे यजमान दत्तोपंत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, याच पिशव्यांवर होते आणि पाण्यावरून घरात रोज भांडण होतं असं त्या डोळे पुसत सांगत होत्या. काल पेला आपटला हो, त्या म्हणाल्या. जयाताईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आपली युक्ती त्यांना सांगितली. एजन्सीला काय म्हणायचं तेही सांगितलं. काकडीला मीठ लावल्यावर कसं पाणी सुटतं ते सांगितलं. पुढच्या महिन्यात यमुताईंनी बाकावर बसल्या बसल्या पर्समधून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला.

मध्ये आणखी एक धम्मचक्र दिन आला. आनंदराव स्टॉलवर उभे राहिले, बसले नाहीत. लोक म्हणाले, वहिनी, तुम्ही यांना पुन्हा उभं केलं. जयाताईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस असावा.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी निचऱ्याची पिशवी नेहमीसारखी भरली नाही. आनंदराव म्हणाले, सवाऱ्या झोपल्या असतील, थंडी आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. जयाताईंनी नळीला कुठे पीळ पडलाय का पाहिलं, त्यांना कुशीवर वळवून पाहिलं. मग सकाळीही लाल लावली. चार दिवस थोडं जास्त निघालं, मग तेवढंच निघायला लागलं जेवढं भरलं होतं. मग त्याहूनही कमी. पोटात गेलेलं पाणी अंगातच राहत होतं. लाल कडीची पिशवी लावूनही घोटे बुजले. शेवटी आनंदराव उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले तेव्हा त्यांनी दवाखाना गाठला.

तिथे पोटात भरलेल्या पाण्याची आणि रक्ताची तपासणी झाली. हिमानी सिस्टरांनी सांगितलं ते जयाताईंना तेव्हाही नीट समजलं. पडदा आता आधीसारखा राहिला नव्हता. पूर्वी साखर सावकाश जायची, बाहेर थांबून पाणी ओढायची. आता ती चटकन आत निघून जात होती, आणि बाहेर ओढणारं कोणी उरतच नव्हतं. पिशवी कोणत्याही रंगाची लावली तरी आता फरक पडणार नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, लाल किती लावत होता? कधी कधी, जयाताई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, असं काही वर्षांनी होतंच कोणाकोणाचं, कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा, त्याला इलाज नाही. त्यांनी हे समजूत घालायला म्हटलं होतं. जयाताईंना ते घेता आलं नाही आणि नाकारताही आलं नाही. पलंगावर आनंदराव पंख्याकडे बघत पडून होते.

पोटातली नळी काढली. मशीनला जोडता यावं म्हणून हातातली शीर धमनीला जोडली, ती फुगून दोरीसारखी दिसायला लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीन. सकाळी ऑटो, दुपारी परत, आणि परत आल्यावर उरलेला दिवस अंग टाकून. टाइमटेबल पुन्हा दुसऱ्याचं झालं. आणि पाणी आधीच्या बाटलीच्याही निम्मं. मधल्या दिवसांत ते काढायला काहीच मार्ग नव्हता.

एका मंगळवारी, मशीन नसलेल्या दिवशी, जयाताई भावनाच्या खोलीतले उरलेले खोके एकावर एक लावत होत्या. एजन्सीचा माणूस परत न्यायला येणार होता. आनंदराव दारात खुर्ची घेऊन बसले होते. खोक्यांवरचे रंग बघून तेच म्हणाले की लाल कमीच उरल्या.

जयाताई थांबल्या. "तुमाले माहीत होतं?"

"जिंदगीभर तिकिटांचे रंग पाहिले मी. कडी कोणती हे नाही दिसत का मले?"

"मग बोलले काहून नाही?"

आनंदरावांनी लुंगीवरचा धागा काढला. "बोललो असतो तर तू पाणी बंद केलं असतं." मग म्हणाले, "तू देत होती, मी पेत होतो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर जयाताईंना सोपं गेलं असतं. इतके महिने त्या एकट्याच ते घेऊन हिंडत होत्या, भांडी घासताना, ऑटोत, मशीनजवळच्या स्टुलावर. वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं होईल. आता कळलं की सांगायचं काही नव्हतंच, आणि हलकंही झालं नाही. उलट त्या दुपारी माठाजवळ तळहात टेकवून उभा राहिलेला माणूस त्यांना दिसला. तेव्हाच एकदा जवळ बसून दोघांनी बोलायला हवं होतं. थोडी तहान दोघांनी मिळून काढली असती.

"महालातल्या त्या बाईले सांगितलं का?" आनंदरावांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. दवाखान्यात आता वेगळ्या वारी जाणं होत होतं, म्हणून भेट नव्हती, असं जयाताई स्वतःला सांगत आल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोन लावला.

यमुताईंचा आवाज आनंदी होता. मागे टीव्ही चालू होता. ह्यांनी आज ताक घेतलं, वाटीभर नाही, चांगलं पेलाभर, त्या सांगायला लागल्या. किती महिने झाले, घरात आवाज चढलेला नाही. तुमच्यामुळे हो जयाबाई.

"यमुताई, मी तुमाले अर्धंच सांगितलं होतं," जयाताई म्हणाल्या.

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"काकडीले मीठ लावलं की पाणी सुटते, एवढंच बोलली मी. पण मग ती काकडी लिबलिबीत होऊन जाते. धुतली तरी पहिल्यासारखी कडक होत नाही. रोज कोशिंबीर करते मी. मले माहीत होतं ते. तेवढं सांगितलं नाही." आणि मग त्यांनी आनंदरावांचं सगळं सांगितलं. नळी काढली ते, हातावरची शीर, मशीन.

यमुताईंनी टीव्ही बंदच केला. मग म्हणाल्या, "आज सकाळीच लाल लावलीय हो. पोटात आहे आत्ता. काढून टाकू का?"

"मले नका विचारू. हिमानी सिस्टरले विचारा. आणि किती लावल्या ते खरं खरं सांगा. मी नाही सांगितलं."

फोन तिकडूनच बंद झाला. यमुताई रागावल्या की घाबरल्या, ते कळलं नाही. वेळेत सांगितलं की उशीर झाला, तेही नाही. ते सिस्टर सांगतील, आणि जयाताईंना नाही, यमुताईंना सांगतील. जयाताई फोन हातात धरून खोक्यांजवळच बसल्या.

फाटक वाजलं. एजन्सीचा टेम्पोवाला आला होता, पन्नाशीचा, मानेभोवती गमछा, शर्ट पाठीला चिकटलेला. लकडगंजवरून येऊन राहिलो, वाटेत सगळीकडे जाम, म्हणाला. जयाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तांब्या-पेला घेऊन आल्या. पावलांनी नेलं, त्यांनी ठरवलं नव्हतं. टेम्पोवाल्याने पेला बाजूला ठेवला, मान मागे टाकली आणि तांब्याच वरून ओतून घेतला. त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होत राहिली. आनंदराव खुर्चीवरून बघत होते, गाणं ऐकावं तसं.

तांब्या रिकामा झाला. त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि थोडा संकोचून विचारलं, "काकू, आणखी मिळेल का?"

जयाताई रिकामा तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना होईना.

"दे वं," आनंदराव म्हणाले. "उन्हातून आला तो."